चंद्राचा उजवा इंडिकेटर

५ ऑक्टोबर

डेंटिस्टबाईंनी चढावर पुन्हा गाडी बंद पाडली. मागे हॉर्नचा कालवा, बाई रडकुंडीला. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरला आणि म्हटलं, "घाबरू नका, क्लच हळू सोडा" — आणि समोर बघते तर काय, काचेत चंद्राची कोर! नखाएवढी! उजेड पुरता गेलाही नव्हता. वर्षानुवर्षं याच चढावर लोकांना गाडी शिकवतेय, कधी मान वर केली नाही. धन्य माझी!

फोटो काढून लेकीला पाठवला. नुसता फोटो. दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. तिची नोकरी पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला. तिथल्या नव्या करारावर सही करायची की घरी परतायचं, हे तिला महिनाअखेरपर्यंत ठरवायचंय. सही केली की आणखी तीन वर्षं. मी तोंड उघडलं की आमचं वाजतं. हे म्हणाले, "तिची गाडी तिला चालवू दे. तुझ्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय काढ." औषधाच्या दुकानात बसून बसून यांना कडू डोस द्यायची सवयच लागलीय.

६ ऑक्टोबर

तिचा फोटो आला! तिची संध्याकाळ आमच्या आधी होते. पण कोर उलटी! आमची उजवीकडून उजळलेली, तिची डावीकडून. मी लिहिलं, "आरशातून काढलास का गं?" उत्तर आलं, "आई, इथून असाच दिसतो. तुझ्या हिशेबाने मी खाली डोकं वर पाय आहे."

मोबाईल उलटा धरला. अगदी आमचा चंद्र! बाई गं! तशीच दुकानात धावले. गिऱ्हाईक खोकत उभं, आणि आम्ही दोघं मोबाईल गरागरा फिरवतोय.

थोडक्यात काय, चंद्र वाढताना आमच्याकडे उजवा इंडिकेटर लावतो, तिच्याकडे डावा.

८ ऑक्टोबर

कोर रोज जाडजूड होतेय आणि रोज उशिरा मावळतेय. परवा जेवायच्या आधीच गडप झाली होती, आज भांडी आवरेपर्यंत टिकली.

१० ऑक्टोबर

भरदुपारी चंद्र! रिव्हर्स शिकवताना मान मागे वळवली, तर गोदामाच्या छपरावर फिकट अर्धा तुकडा. मी ओरडले, "बघा, बघा, चंद्र!" डेंटिस्टबाईंनी बघितला. गाडी कचराकुंडीला टेकली. त्यांना काय बोलणार? कप्पाळ!

पन्नाशी उलटली आणि आज कळतंय, की अर्धा चंद्र दुपारी उगवतो. इतकी वर्षं राजरोस येत होता आणि मी आपली आरशात मागचे ट्रक बघत होते.

लेकीला कचराकुंडीसकट फोटो पाठवला. तिने चक्क फोन केला! हसतच होती. नुसतं हसणं ऐकत बसले. कितीतरी दिवसांनी!

१७ ऑक्टोबर

पौर्णिमा. सूर्य जातो तेव्हाच चंद्र येतो, असं लेक म्हणाली होती. खात्री नको करायला? गच्चीवर हे पश्चिमेला तोंड करून, मी पूर्वेला, पाठीला पाठ लावून. हे ओरडले, "गेला!" थोड्याच वेळात मी ओरडले, "आला!" भला मोठा, तांबूस, पाण्याच्या टाकीमागून वर येत होता. खालच्या मजल्यावरच्या काकू धापा टाकत वर आल्या — "कोण गेलं? कोण आलं?"

आज दोन्ही इंडिकेटर चालू! तिच्याकडेही तसंच.

२० ऑक्टोबर

आता ताटकळत ठेवतो. जेवणं उरकली तरी स्वारीचा पत्ता नव्हता. हे म्हणाले, "लेकीवर गेलाय."

२४ ऑक्टोबर

सकाळची पहिली शिकवणी. डोक्यावर अर्धा चंद्र, आणि चक्क डावा इंडिकेटर! घटताना बाजू बदलतो लबाड! म्हणजे तिचा वाढताना दिसला होता, तसा आता आमचा. लगेच कळवलं. ती म्हणाली, "मग माझा आता तुझ्यासारखा."

मग राहवेना. "सहीचं काय ठरलं?" एवढं लिहून झालं होतं. पुसलं. ब्रेकवरचा पाय काढायचा म्हणजे काढायचा.

३१ ऑक्टोबर

पहाटेची कोरही आज दिसली नाही. आज सहीचा दिवस. यांनी चहात मीठ घातलं. दोघांनीही तो तसाच प्यायला.

१ नोव्हेंबर

अमावस्या. चंद्र नाही, मेसेज नाही.

४ नोव्हेंबर

नवी कोर! फोटो पाठवला. तिच्याकडून काही नाही.

७ नोव्हेंबर

रोज पाठवतेय. रोज काहीच नाही. सही केली असणार आणि आता आईला सांगायचं कसं, या पेचात असणार पोर. हे म्हणतात, "असेल काही कामात," आणि माझी नजर चुकवतात.

आज डेंटिस्टबाईंनी चढावर गाडी एका दमात चढवली. माझा पाय पेडलला शिवलासुद्धा नाही! मी टाळ्या वाजवल्या आणि मग रडू फुटलं. बाईंना वाटलं, त्यांच्यासाठीच. त्याही रडल्या. आम्ही दोघी गाडी कडेला लावून रडत बसलो.

मला ती हवीय. इथे, घरात. कागदावर तरी लिहू दे.

९ नोव्हेंबर

आत्ता तिचा फोटो आला. अर्धा चंद्र, बाकी अक्षरही नाही. सवयीने मोबाईल उलटा धरला. काहीतरी चुकतंय. सरळ केला.

वाढता चंद्र — आणि उजवा इंडिकेटर!

हे दुपारीच माझी गाडी घेऊन गेलेत, "जरा काम आहे" म्हणून. खाली हॉर्न वाजतोय.