सव्वीस नंबरच्या जाळीतला झेंडू

मी, रखमा गणपत परुळेकर, वय कागदावर अठ्ठ्याहत्तर, खरे एखाददोन वर्षांनी जास्तच असेल, राहणार करी रोड, मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने सांगत आहे. 'सांगत आहे' असेच लिहावे, कारण मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते आणि आमच्या मजल्यावरची वकील प्रिती लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर यशोधन रेगे यांनी काल तशी परीक्षा घेतली. वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. मी त्र्याण्णव म्हटले आणि त्यांना विचारले, आज डब्यात भाजी कोणती होती? त्यांना आठवेना. तरी दाखला माझ्याच नावाचा निघाला.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून या इमारतीत राहायला आलेला नाही.

कलम १. आमच्या चाळीच्या जागी जो टॉवर झाला त्यातला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्यामागे माझा मुलगा हितेंद्र याला मिळावा. अट एकच. आतली खोली त्याची मुलगी अनुजा हिच्याकडे राहील, ती लग्न करो न करो, पाळीवरून अपरात्री येवो की पहाटे. अनुजा रेल्वेच्या वीज इंजिनांच्या शेडमध्ये टेक्निशियन आहे. "मुलीच्या जातीला ग्रीस शोभते का?" असे हितेंद्रने एकदा विचारले होते. ज्या ग्रीसच्या पगारावर तू बारावीपर्यंत शिकलास ते तुला शोभले ना, बाळा? मग झाले.

कलम २. पोस्टातले जे असेल ते दोन्ही नातवंडांना, राहुल आणि अनुजा यांना, सारखे. सोन्याच्या पाटल्या सूनबाई सुनेत्रा हिला. तिरफळ न घालता बांगड्याचे तिखले करते, हा राग मी इथे सोडते. पाटल्यांवर त्याचा परिणाम होऊ नये.

कलम ३. माझा दगडी खलबत्ता चाळ पाडायच्या वेळी तिसऱ्या माळ्यावरच्या राधाने 'सांभाळायला' नेला. तो तिलाच द्यावा, पण चारचौघांत, आणि 'रखमाने दिला' असे म्हणून.

कलम ४. माझे यजमान कै. गणपत यांची पत्र्याची हत्यारपेटी. कागदासाठी नाव घेते, एरवी आयुष्यभर 'हे' म्हटले, पुढेही तेच म्हणेन. पेटीत पाने, पकडी, पातळ पात्यांचा गेज आणि एक लांब सळई आहे. सळईचे एक टोक मोटरीला नि दुसरे कानाला लावून हे मोटरीचे दुखणे ओळखत. हितेंद्रने ही पेटी दोनदा भंगारवाल्याला दाखवली. दोन्ही वेळा मी भंगारवाल्याला जिना दाखवला.

पेटी कोणाला द्यायची ते सांगण्याआधी इंजिनाविषयी सांगणे भाग आहे. बहात्तर सालाच्या सुमारास, हे फिटर होते त्या शेडमध्ये मालगाडीची नवी वीज इंजिने येऊ लागली. त्याआधी घाटात जुनी विलायती इंजिने होती, चाकांना बाहेरून दांडे, चालताना कण्हायची. त्यांना सगळे खेकडा म्हणत. नवी इंजिने आपल्या देशात बांधलेली, सहा आसांची, दिसायला रुबाबदार आणि प्रकृतीने तोळामासा. चढावर मोटरी तापायच्या. साहेब लोक नकाशे घेऊन यायचे, वाळूने भरलेल्या वॅगनी जोडून चाचण्या घ्यायचे, आणि आत यांच्याबरोबर असायचे गंगाधरभाऊजी, म्हणजे गंगाधर तळवडेकर. यांचे जोडीदार, आमचे शेजारी. त्या इंजिनाचा आवाज भाऊजींना यांच्याहून जास्त कळायचा. हे स्वतः तसे म्हणायचे, आणि हे दुसऱ्याचे कौतुक सहसा करत नसत.

घरातही तोच विषय. एकदा ताटातल्या भातात आळे करून यांनी मला मोटर थंड कशी होते ते दाखवले. पंखा बाजूच्या जाळीतून हवा ओढतो आणि खाली मोटरीवर सोडतो. मला ते पक्के कळले होते. हे मुद्दाम लिहून घे, प्रिती, म्हणजे पुढे मला अडाणी म्हणून कोणी माफ करणार नाही.

कलम ५. चौऱ्याहत्तर सालच्या खंडेनवमीला शेडमध्ये इंजिनांची पूजा होती. वर्षातून त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडत. हितेंद्र तीन महिन्यांचा होता, त्याला कडेवर घेऊन मी गेले. यांच्या सव्वीस नंबरच्या इंजिनासाठी झेंडूचा हार मी घरी ओवला होता, भावाने गिरणीतून आणलेल्या निळ्या दोऱ्यात. दांडीवरून हार सारखा घसरत होता. मी त्याचे टोक बाजूच्या जाळीत खोचले, वीतभर, चांगले घट्ट. इंजिन बंद, पंखा बंद, मला आळेबिळे काही आठवले नाही. शेजारी पाटी होती, जाळीत काही घालू नये अशी. ज्यांना ती वाचता येत होती ते पेढे खात होते.

दसऱ्याला सकाळी हार उतरवायचे काम गंगाधरभाऊजींचे. त्यांनी उतरवले. माझे खोचलेले टोक तुटून आत राहिले. इंजिन मालगाडी घेऊन घाटात गेले, पंख्याने झेंडू ओढला, हवेची वाट बंद झाली, मोटर जळाली. गाडी नऊ तास घाटात उभी राहिली आणि तिच्यामागे बाकीच्या.

मोटर यांनीच उघडली. घरी आले, खिशातून जळका निळा दोरा काढून माझ्यापुढे ठेवला.

"आपलो?"

"आपलो."

"तू खोचलंस?"

"घसरत होता सारखा."

हे त्या दिवशी जेवले नाहीत. उद्या साहेबांना सांगतो म्हणाले. मी सांगू दिले नाही. ते रेल्वेच्या मोठ्या संपाचे वर्ष होते. संपात गेलेल्या कितीजणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हे नुकतेच परत हजर झाले होते. मी मूल यांच्या मांडीवर ठेवले आणि म्हटले, आता जा सांगायला. हे गेले नाहीत.

चौकशी झाली. हार उतरवल्याची सही गंगाधरभाऊजींची, म्हणून ठपका त्यांच्यावर. त्यांना इंजिनावरून काढून मालडब्यांच्या दुरुस्तीला धाडले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. हे पुढे मिस्त्री झाले. आमच्या शेडमधल्या त्या जातीच्या प्रत्येक इंजिनाला बाहेरून दुसरी बारीक जाळी बसली. ती जाळी माझी. साहेबांच्या नकाशात माझे नाव नाही, तेही बरेच झाले.

भाऊजींच्या मनात बसले की, हार नीट उतरवला नाही अशी चुगली यांनी केली. तेव्हापासून बोलणे बंद. टॉवर झाला, ते नवव्या मजल्यावर, आम्ही चौदाव्या. लिफ्टमध्ये भेटलो की ते पंख्याकडे बघतात आणि मी बटणांकडे, जशी काही मला ती वाचता येतात.

पुढे तारेतली विजेची जात बदलली आणि धडधाकट असलेली ती इंजिनेही घरी बसली, मग भंगारात गेली. शेवटचे गेले त्यानंतर वर्षभरात हेही गेले. आजारपणात म्हणाले, "गंगाधराक सांगूचा रवला." मी म्हटले, मी सांगते. त्याला नऊ वर्षे झाली. माझा कामाचा उरक तुम्हाला माहीतच आहे.

तरी आता सांगते. चूक माझी, गप्प बसणे आम्हा दोघांचे, शिक्षा गंगाधर तळवडेकर यांची. त्यांनी कामात कधीही हयगय केलेली नाही. माफी मागण्याचे वेगळे कलम असते का, असे मी विचारले. प्रिती म्हणाली, नसते. तर हेच ते समजावे.

कलम ६. कलम ४ मधील हत्यारपेटी सळईसकट गंगाधर तळवडेकर यांना द्यावी.

कलम ७ (आज वाढवलेले). वरचा सगळा मजकूर आज सकाळी प्रितीने गंगाधरभाऊजींना मोठ्याने वाचून दाखवला. अनुजा त्यांना हाताला धरून वर घेऊन आली होती. कशासाठी ते सांगितले नव्हते, नाहीतर आले नसते. ऐकून झाल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मला वाटले, उठून जाणार. मग म्हणाले, "वहिनी, हार ओढला तेव्हा काहीतरी तुटल्याचे हाताला लागले होते. मी वाकून बघितले नाही. सोने वाटायला घरी जायची घाई होती."

"म्हणजे तुम्हाला माहीत होते?"

"अर्धे. उरलेले अर्धे गणपतच्या नावावर टाकून दिले. बरे पडले मला ते."

"मग पन्नास वर्षे मी एकटीच का कुढले?"

"एकटी कसली! मी खाली कुढत होतो की."

मी त्यांना साक्षीदार म्हणून सही करा म्हटले, तर प्रिती मध्ये पडली. म्हणाली, "आजी, साक्षीदाराला या कागदातून काही मिळू शकत नाही. आजोबांना पेटी द्यायची तर सही दुसऱ्याची घ्या. त्यांची सही घेतली तर पेटी गेली."

मी म्हटले, "भाऊजी, पेटी चांगली आहे. एकही पाना गंजलेला नाही. नीट विचार करा."

ते म्हणाले, "मागच्या वेळी कागदावर आरोपी म्हणून सही घेतली होती माझी. साक्षीला पहिल्यांदाच कोणीतरी बसवते आहे. पेन दे गो." आणि अनुजाला म्हणाले, "पेटी तुझी. सळई कानाला कशी लावायची ते मात्र माझ्याकडून शिक. तुझ्या आजोबाचे चुकायचे."

सबब कलम ६ रद्द. पेटी अनुजा हितेंद्र परुळेकर हिला द्यावी. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, आणि हे बदलायचा विचार नाही. अंमलबजावणी प्रितीने करावी.

हे सर्व मला वाचून दाखवले, दोनदा. माझे शब्द आहेत.

ठिकाण: करी रोड, मुंबई
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: रखमा गणपत परुळेकर

आम्हा दोघांसमक्ष अंगठा उमटवला, व आम्ही तिच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: डॉ. यशोधन रेगे, वैद्यकीय व्यवसाय, परळ (सही)

साक्षीदार २: गंगाधर सखाराम तळवडेकर, वय ८२, निवृत्त फिटर, वीज इंजिन (सही)

खाडाखोड: साक्षीदार २ यांच्या हुद्द्यापुढे 'मालडबे' असे लिहिले होते. ते त्यांनी स्वतः खोडून 'वीज इंजिन' असे लिहिले आहे. मला मान्य. अंगठा, रखमा.