मावशीचं दुसरं माप

आई,

आज मंगळवार, दुपारचा दीड वाजलाय. डबा खाऊन, पलंगावरची चादर बदलून मी मशीनच्या खोलीबाहेर बसलोय. जालन्याच्या या कॅन्सरच्या दवाखान्यात पेशंटला किरणं देण्यासाठी पलंगावर नीट झोपवायचं, एवढंच माझं काम. भिंतीतून हिरव्या उजेडाच्या रेघा निघतात. अंगावर काढलेल्या खुणा त्या रेघांवर आणायच्या. दिवे मंद केले की मला टेंभुर्णीचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची काठी धुरात उभी आहे. ती परातीवर सरकली की तू म्हणतेस, "ऊठ आता, शाळा भरली."

तुझी धाकटी बहीण केदारखेड्याहून येते. तुला झाला तोच आजार, पण मावशीचा वेळेत कळला. किरणं कुठं द्यायची ते आधी एकदा मशीनमध्ये पोटातलं पूर्ण चित्र काढून ठरवतात. माणूस रोज हुबेहूब तसाच पडत नाही, म्हणून गाठीभोवती थोडी कड जास्तीची धरतात. खुणा रेघांवर आणल्या तरी रोजच्या फोटोत मावशीची गाठ मात्र एकाच दिशेला सरकलेली दिसायची, कडेच्या पार टोकाशी. मला जेवण जाईना. मापं ठरवणाऱ्या मॅडमना मी म्हणालो, "कड वाढवा ना. वाढत्या अंगाचं शिवतात तसं." माझा शाळेचा सदरा तू असाच शिवून घेतला होतास. बाह्या बोटांखाली लोंबायच्या.

मॅडम म्हणाल्या, "गाठीशेजारीच पोटातली लघवीची पिशवी आहे. तुझ्या काळजीपायी ती भाजू का? रोज एकाच दिशेला, म्हणजे चित्र काढलं त्या दिवशीच काहीतरी वेगळं होतं. विचार तिला."

विचारलं तर मावशी हसली. "अरे, त्या दिवशी मोठे डॉक्टर उभे व्हते उशाशी. त्यांच्यापुढं काय सैल पडू? पोट आत वढलं, टाचा जुळवल्या, श्वाससुद्धा बेतानं घेतला."

"आणि आता?"

"आता तू असतोस. तुला उघडानागडा न्हाऊ घातलाय म्या. तुझी कसली लाज?"

मग तिचं चित्र पुन्हा काढलं. या वेळी डॉक्टर काचेपलीकडं थांबले. नव्या मापाचा आज पहिला दिवस. मावशी बराबर जागेवर आली, आणि कड होती तेवढीच राहिली. पलंगावरून उतरताना ती म्हणाली, "झालं का समाधान? आता तरी पोटभर जेव."

जेवलो. हे पत्र डब्याच्या पिशवीतच राहील. एक सांगायचं राहिलं. मावशी रोज सैल पडते, डोळे मिटते, आणि त्या हिरव्या उजेडात तिचं तोंड तुझं होतं. खूण रेघेपासून केसभर लांब असते, तरी मी लगेच हात लावत नाही. क्षणभर तुला तशीच पडू देतो. मग मावशीला रेघेवर आणतो.