दुसरा खड्डा

टॅमरॅक बेंड, मोंटाना
९ मार्च

प्रिय नोरीन,

बिलिंग्जला आईकडे रुळली असशील. तिचा गुडघा कसा आहे? इथे बर्फ अजून खिडकीला टेकलंय. मी बरा आहे, म्हणजे जेवतो-खातो.

काल क्लबची बैठक झाली. येत्या शनिवारी तुझ्या रसच्या स्मरणार्थ शर्यत ठेवताहेत, त्याच उतारावर. कोणाची स्नोमोबाइल, बर्फावरची गाडी, किती उंच चढून वळते ते बघायचं. वर मला सन्मानपत्र, 'बर्फ तपासल्याशिवाय पाऊल न टाकणारा सोबती' म्हणून. टाळ्या पडल्या आणि मला शिसारी आली. खरंच बाहेर जाऊन ओकलो.

अंत्यविधीला तू म्हणालीस, "मूर्ख होता माझा नवरा. उंच उतार दिसला की अक्कल गहाण!" मी मान डोलावली. इतका नीच मी कधीच वागलो नव्हतो.

त्या सकाळी उतारावरचं बर्फ कोसळेल का ते तपासायला मी नेहमीप्रमाणे खड्डा खणला. बर्फाचा खांब कापून त्यावर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारल्या. आधी दहा हलक्या, मनगटातून, मग जोरात, कोपरातून. खांद्यातून मारायची वेळच आली नाही. कोपराच्या दुसऱ्याच थापटीला वरचा अख्खा थर ड्रॉवरसारखा पुढे सरकला. खाली साखरेसारखं रवाळ बर्फ होतं. याचा अर्थ एकच, गुमान घरी जायचं.

तेवढ्यात कर्बी गाडीवरून ओरडला, "झालं का, डॉक्टर? मागच्या रविवारीही तू आम्हाला तसंच परत पाठवलंस. खणायची एवढी हौस आहे तर स्मशानात नोकरी धर ना!" सगळे खिदळले. रस मागे गाडीचा पट्टा बघत होता.

मला लाज वाटली, नोरीन. कोणी मरेल याची भीती वाटायला हवी होती, ती कर्बीच्या हसण्याची वाटली. मी खड्डा बुजवला आणि चाळीस पावलांवर, झाडांच्या आडोशाला, दुसरा खणला. तिथे खांद्यातून दणके घालूनही काही हललं नाही. हलणार नाही हे मला खणायच्या आधीच माहीत होतं. म्हणून तर तिथे खणला.

रस आला. "काय म्हणतंय रे बर्फ?"

"घट्ट आहे. जा तू."

उतारावरचं बर्फ फुटून खाली कोसळलं तेव्हा वर तो एकटाच होता. आम्ही बाजूला सुरक्षित जागी उभे होतो, सगळे नियम पाळून. सतरा मिनिटांत त्याला बर्फाखालून बाहेर काढलं. उशीर झाला होता.

चौकशीला आले त्यांना मी दुसऱ्या खड्ड्याची नोंद दिली. पहिल्याचं पान वहीतून फाडून ठेवलं होतं. आज सकाळी ते त्यांना पाठवलं. आधी कर्बीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता कशाला हे? शनिवारची मजा घालवशील." त्याची किळस आली. पण त्याने निदान खोटं तरी सांगितलं नव्हतं.

रसचा फोटो तू कपाटात उलटा घालून ठेवलायस, असं आई म्हणाली. तो बाहेर काढ. तो मूर्ख नव्हता. मला विचारून वर गेला होता.

त्याला 'जा' म्हणणारा,
तुझा भाऊ गार्थ