पदराने पुसलेली काच

आई, आज टेबलावर ऊन आलं आणि समोरच्या भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला, मधेच पुसट झालेला. म्हणून लिहायला बसले. मला लिहायची सवय नाही, तुला ठाऊक आहे. बोलायचीही नव्हती. खानावळीत जेवायला आलेली माणसं तुला विचारायची, "मुलगी रुसलीय का हो?" तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "नाय ओ, ती तशीच हाय. तोंड बंद, कान उघडे."

पाचाडची आपली खानावळ म्हणजे पुढची पडवी, दोन बाकं आणि आत तू. गड उतरून आलेली माणसं घामाघूम होऊन टेकायला बघायची, पण तू आधी पदराने बाक पुसायचीस, मगच बसू द्यायचीस. बाक स्वच्छ असलं तरी. "पुसल्याबिगर माणसाला बसवू नये आणि देवाला पुजू नये," असं तुझं. कंदिलाची काच, देवाचं ताम्हण, माझं ताट, माझं तोंड, सगळ्याला तोच पदर. मी गॅसच्या शेगडीपाशी अभ्यासाला बसले आहे, आमटी उतू जाते, निळी ज्योत एकदम पिवळी होते आणि तू पडवीतून ओरडतेस, "अगो बाय, ज्योत बघ! पुस्तकात तोंड घालून घर पेटवशील!" मिठाने ज्योत पिवळी होते हे मला पुढे महाडच्या कॉलेजात शिकवलं. उजेड नीट बघितला तर तो कशातून आला ते कळतं, एवढंच मी त्यातून धरून ठेवलं, आणि त्याच धाग्याने पुण्याला, स्पेक्ट्रोग्राफ बांधणाऱ्या लॅबमध्ये पोचले.

तू फोनवर विचारलंस, तिथे करता काय? मी सांगितलं, आकाशात ताऱ्यांचे प्रचंड मेळे असतात, त्यांना दीर्घिका म्हणतात. दुर्बीण त्यांचा उजेड गोळा करते आणि आमचं यंत्र तो उजेड रंगारंगांत फाकवतं. त्यावरून दीर्घिकेत काय आहे आणि ती आपल्यापासून लांब चालली आहे की जवळ येते आहे, ते समजतं. तू म्हणालीस, "म्हंजे आभाळाची आमटी उतू गेली की तुमाला हितं बसून कळतं." मी हो म्हटलं. त्याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही.

यंत्र डोंगरावरच्या दुर्बिणीकडे निघायचं, त्या दिवशी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. हार, नारळ, सगळी तयारी. आमच्या मॅडम म्हणाल्या, हळदकुंकू काकूंच्या हातून लावू. आत धूळ जाऊ नये म्हणून तुझ्या पायांना कापडी पिशव्या चढवल्या, डोक्याला निळी टोपी. "लगीन लावायला नेताय काय गो मला?" म्हणालीस आणि सगळे हसले. आत यंत्राच्या पेट्या बंद झाल्या होत्या, फक्त ग्रेटिंग राहिलं होतं. तळहाताहून थोडी मोठी काच, तिच्यावर धातूचा पातळ थर आणि त्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा. उजेड फाकवायचं काम त्या रेघा करतात, आणि त्यांना कापूसही लागू द्यायचा नसतो. शेवटची तपासणी करून ते टेबलावर उघडं ठेवलेलं होतं आणि सगळे त्याच्याभोवती हळू आवाजात बोलत होते. तुला वाटलं, देव हाच. हळदकुंकवाचं ताट खाली ठेवलंस, पदराचं टोक धरलंस आणि पूजेआधी पुसतात तसं एकदाच, अगदी हलक्या हाताने, पुसलंस.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे नुसते थांबले. मॅडम खुर्चीवर बसल्या. तू एकेकाच्या तोंडाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "मी पुसलं. तिला काय बोलू नका, तिचा काय संबंध नाय." मॅडम म्हणाल्या, "काकू, आमच्याकडे दुसरं आहे. याच्याइतकं चांगलं नाही, पण आहे." ते दुसरं बसवून यंत्र उशिरा गेलं. माझी नोकरीही राहिली. तुझ्या हातांचा धीर मात्र त्या दिवशी गेला. पुढच्या सुट्टीला आले तर तू ताट माझ्यापुढे धरून विचारलंस, "पुसू ना?" पाहुण्यासारखं वाटलं, आपल्याच घरात.

वाया गेलेलं ग्रेटिंग मी मॅडमकडून मागून घेतलं आणि गौरीच्या सुट्टीत पाचाडला आणलं. खिडकीत ठेवलं. तू लांबूनच बघायचीस. दुपारी ऊन पडलं की रंग चुलीमागच्या भिंतीवर यायचे, तू पुसलेल्या जागी पुसट. एक दिवस जेवायला आलेल्यांच्या लहान मुलीने ते पिठल्याच्या हातानेच उचललं. तिची आई धावली. तू हसत सुटलीस. "ऱ्हाऊ दे गो, त्याचं लगीन मीच मोडलंय," म्हणालीस, ग्रेटिंग पदराने खसाखसा पुसलंस, मग त्या पोरीचं तोंड, आणि तशीच वळून माझा घामेजलेला गळा. न विचारता.

यंत्राने पहिल्या दीर्घिका टिपल्या तेव्हा तुला सांगायला आले होते. तू विचारलंस, "सगळ्या लांबच चालल्यात? एक तरी येते की नाय?" म्हटलं, एक येतेय, देवयानी नावाची दीर्घिका. अब्जावधी वर्षं लागतील. "मग भाकऱ्या आत्ताच टाकायला नको," म्हणालीस.

आता खानावळ बंद आहे. हे पत्र घ्यायला तिथे कुणी नाही, तेव्हा घडी करून लॅबमधल्या माझ्याच टेबलाच्या खणात ठेवेन. परत आणलेलं ग्रेटिंग इथे टेबलावर आहे. लॅबमधले समजतात, शाळेची मुलं आली की दाखवायला ठेवलंय. कामावर नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी बजावते, ग्रेटिंगला हात लावायचा नाही, पुसायचं तर मुळीच नाही. पण त्याच खणात तुझ्या हिरव्या लुगड्याच्या पदराचा तुकडा आहे, आणि रोज सकाळी, कुणी यायच्या आत, मी त्याने हे एकदा पुसते.