मथुराबाईच्या नावाचं रक्त

तामसी, २० ऑगस्ट २०२५

चि. भूषणास मथुराआजीचा आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी भांडायला लागले की तू फोन कापतो, म्हणून हे पत्र. लिहिणारी तुझी माय रंजीता, बोलणारी मी.

सोमवारी शाळेतल्या तुमच्या शिबिरात रक्त दिलं. आता पिच्छा सोड. पोटात काय आहे ते दंडातल्या रक्तावरून सांगणारे तुम्ही कोण मोठे लागून गेले? बहात्तर वर्षं ठेचा पचवला, अन् हा लॅबमधला पोरगा मला कॅन्सरची भीती दाखवून राह्यला. साऱ्या गावाला सांगून बसला, पहिलं रक्त माझ्या आजीचं. काऊन, मी काय नारळ आहे, पहिला फोडायला?

तुझ्या मायचं वेगळंच. दोन घासांत उठते, म्हणते पोट भरलं. सासूच्या हातचं गोड लागत नसेल तर तसं सांगावं. हे लिहितानाही हसून राह्यली.

राग धरू नको. धरलाच तर आदिलाबादेतच ठेव.

मथुराबाई (अंगठा)

आदिलाबाद, २ सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

टोमणे नंतर मार. तुझा रिपोर्ट वाईट आहे. पोटाच्या अस्तरात तयार होणारं एक द्रव्य रक्तात फार कमी निघालं, म्हणजे अस्तर झिजलंय. एवढ्यावरून कॅन्सर आहेच असं ठरत नाही, पण धोका आहे. नळीनं कॅमेरा आत घालून पाहावं लागेल.

पाच वेळा फोन केला. माय म्हणते, आजी ऐकत नाही. मंगळवारी, ९ तारखेला सकाळी इथल्या दवाखान्यात नंबर लावलाय. उपाशी पोटी ये. आली नाहीस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही.

तुझा, रागातलाच,
भूषण

तामसी, ८ सप्टेंबर २०२५

चि. भूषणास आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते पत्र संपल्यावर ठरव.

आज लिहिणारी शेजारची मीनल. तुझ्या मायला याचा पत्ता नाही. तुझं पत्र तिनं मला वाचून दाखवलं: रिपोर्ट चांगला, काळजी नको. एवढंसं सांगायला तू पान भरून काऊन लिहिशील? मग पत्र तिनं तांदळाच्या डब्यात दडवलं. मी ते काढलं, मीनलकडून वाचून घेतलं.

भूषण, ते रक्त माझं नाही. त्या सकाळी मी भाकर खाऊन गेले होते. नर्स म्हणाली, उपाशी पोटीच चालते. तुझ्या मायला श्रावण सोमवारचा निरंकार उपास. तिचं वय पन्नासच्या आत, म्हणून शिबिरात तिचं नाव नव्हतं. गावात तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मीच माझ्या नावाची चिठ्ठी तिच्या हातात कोंबली अन् तिला दुसऱ्या टेबलाशी बसवलं; गर्दीत कोणी वर मान करून पाहिलं नाही, अन् तू आदिलाबादेतल्या लॅबमध्ये.

सटवी कुठली! सारं कळूनही भेंडी तोडते, बाजाराची गाठोडी बांधते. दोन घासांत उठते म्हणून मी टोमणा मारला, तोही तिच्याच हातानं लिहून घेतला.

हे तोंडानं सांगायची माझी छाती नाही. म्हणून पत्र टपालात टाकत नाही, उद्या तुझ्या हातात देते. तिला म्हटलं, भूषणशी भांडायला जाऊन राह्यली, सोबत चल. अन् माझा मंगळवारचा उपास आहे, तूही धर. धरते म्हणाली. पहिल्या बसनं येतो. तिथं माझं नाव पुकारतील, मी उठणार नाही. तू तिचा हात धर.

लोभ आता तिच्यावर कर. उरला तर मला दे.

मथुराबाई (हा अंगठा तरी माझाच आहे)