अकरा गेले, अकरा आले

हेस्टविका, १२ मे

प्रिय रान्वेग,

तीन आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस. बर्गनला मैत्रिणीकडे आहेस, जेवतेस, झोपतेस, एवढं तुझ्या आईकडून कळतं. तुझ्यासकट पाच जण ते हिमपठार ओलांडायला गेलात आणि तीन दिवसांची वाट उरली असताना तू सगळ्यांना परत फिरवलंस. पेपरवाल्यांनी त्यावर जे छापलं ते मीही वाचलं. गावात कुठल्या तोंडाने येऊ, असं तू आईला म्हणालीस म्हणे. म्हणून हे पत्र. चाळीस वर्षं मी बोटीच्या वहीत वारा आणि मासे सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस.

गावच्या बागेतला एर्लिंग स्कारवोगचा पुतळा तू पाळण्यात असल्यापासून बघत आलीस. त्याच्या खांद्यावर बसून आइस्क्रीम खाल्लंयस आणि त्याबद्दल माळ्याच्या शिव्याही. पण तो तिथे उभा कसा राहिला, हे तुला कुणी धड सांगितलेलं नाही. गुरीने नावाची माझी आजी त्या सगळ्या भानगडीत पुढे होती, म्हणून मला ठाऊक.

एर्लिंग दहा माणसं घेऊन उत्तरेच्या बेटांचं शेवटचं टोक गाठायला निघाला, तेव्हा अख्खं गाव धक्क्यावर लोटलं होतं. टोक सहा दिवसांवर राहिलं असताना दोघांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पाय सुजले, आणि त्याने स्लेज माघारी वळवल्या. दुसऱ्या वर्षी जहाज परत आलं त्या दिवशी गावचा बँड महिनाभर सराव करून तयार होता. मंडळी पोचलीच नाहीत हे कळल्यावर बँडमास्तरने वाद्यं कुलपात घातली आणि घरी जाऊन जेवला. पुढची वीस वर्षं एर्लिंगने बंदरावर माशांची पिंपं तोलण्यात काढली. पिंप काट्यावर चढवताना लोक त्याला म्हणायचे, ‘‘एर्लिंग, काटा शेवटपर्यंत जाऊ दे हो, मध्येच परत फिरवू नकोस.’’ तो हसायचा आणि तोलायचा. आजी म्हणायची, त्याच्या जागी मी असते तर एकेकाला त्याच पिंपात कोंबलं असतं.

तो गेल्यावर त्या दहा घरांतल्या बायकांनी पुतळ्याचं काढलं. नगरपालिकेने विचारलं, पोचलाच नाही त्याचा पुतळा कसला उभारता? आजी म्हणाली, ‘‘आमचे नवरे पोचले ना. घरी.’’ मग बायकांनी आपापल्या तांब्याच्या किटल्या आणि कथलाच्या थाळ्या बाहेर काढल्या. तांबं आणि कथील मिळून कासं होतं, एवढं त्यांना कळत होतं. आजीची किटली लग्नातली होती. त्यानंतर ती मरेपर्यंत एनॅमलच्या भांड्यात कॉफी करायची आणि रोज पहिल्या घोटाला नाक मुरडायची.

पुतळा राजधानीत ओतून बोटीने आला. खोकं उघडलं तर आत एर्लिंग छाती काढून, हात ताठ करून उत्तरेकडे बोट दाखवतोय. नगराध्यक्ष खूश. आजीने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, ‘‘हा आमचा नाही. हा माणसं मारून पुढे जाणारा दिसतो. न्या परत.’’ बाकीच्या नऊ जणी तिच्या मागे हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. शिल्पकार स्वतः सोबत आला होता, तो भडकला. संशोधक म्हटला की पुढेच बघणार, मग याने करायचं तरी काय, असं त्याने विचारलं. आजी म्हणाली, ‘‘मोजू दे त्याला.’’

रोज संध्याकाळी तंबू बंद करायच्या आधी एर्लिंग हातमोजा काढायचा आणि एकेकाच्या खांद्याला बोट लावून माणसं मोजायचा, असं आजोबा तिला सांगत. तेवढ्या थंडीत, उघड्या बोटाने. शिल्पकाराने ऐकून घेतलं आणि पुतळा परत नेला. दोन वर्षं चौथरा मोकळा होता, लोकांना टिंगलीला आणखी एक विषय मिळाला. मग कोपरापासून हात कापून नवा, एका बोटाने माणसं मोजणारा, जोडला गेला. जवळून बघितलंस तर सांधा अजून दिसतो. पर्यटकांना वाटतं बुवा बिअर मागवतोय. खाली काय कोरायचं यावर पुन्हा भांडण झालं. नगराध्यक्षांना तो कुठवर पोचला ते अक्षांशाच्या अंश-कलांसकट हवं होतं. बायका ऐकेनात. शेवटी कोरलं ते एवढंच: अकरा गेले, अकरा आले. आज आपल्याकडे दुसरे पुतळे बरेच आहेत, पण बोटी सुखरूप आल्या की लोक फुलं ठेवायला त्याच्याकडेच जातात.

परवा मी कॉड माशाच्या जिभा घ्यायला मासळीच्या दुकानात गेलो. रांग बाहेरपर्यंत. दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, ‘‘काय ओडवार, लेकीला शेवटचे तीन दिवस जड गेले वाटतं?’’ मी गप्प राहिलो, हे कबूल करतो. माझ्यामागे बोर्गहिल्ड होती, तुमच्यातल्या यूस्तेइनची आई. ती पुढे आली, पिशवी काउंटरवर आपटली आणि म्हणाली, ‘‘माझ्या पोराच्या पायांना दहाच्या दहा बोटं आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस चालला असता तर पाय कापावा लागला असता. तुला खरं वाटत नसेल तर घरी ये, मोजून जा.’’ रांगेत कुणीतरी टाळी वाजवली. दुकानदाराने वरमून मला दोन किलो जिभा फुकट दिल्या, पण त्या गोड लागल्या नाहीत, कारण ते उत्तर मी द्यायला हवं होतं.

मी ते का दिलं नाही, तेच सांगायला खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं. आयलिफकाका इंजिन बंद पडल्यामुळे गेला असं मी तुला आजवर सांगत आलो. इंजिन ठणठणीत होतं. त्या फेब्रुवारीत वारा बघून सगळ्या बोटी माघारी वळल्या. आयलिफ मला दोनदा म्हणाला, ‘‘दादा, वळू या.’’ माझी जाळी अजून पाण्यात होती. सव्वीस वर्षांचा होतो, पहिल्यांदाच बोट माझ्या हातात होती, रिकाम्या हाताने गेलो तर धक्क्यावर लोक हसतील एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी जाळी ओढली. मासे भरपूर लागले आणि आयलिफला लाट घेऊन गेली. त्या दिवशी धक्क्यावर मला कुणी हसलं नाही. पोरी, जे मला माझ्या सख्ख्या भावासाठी जमलं नाही, ते तू परक्यांच्या चार पोरांसाठी केलंस, आणि मला तुझा इतका अभिमान वाटतो की गेले तीन आठवडे धड झोप नाही. शनिवारच्या बोटीने ये. मी धक्क्यावर सगळ्यांच्या पुढे उभा असेन. कुणाला हसायचं असेल तर त्याने आधी माझ्याशी बोलावं, आता मला बोलता येतं.

तुझाच,
बाबा