चपट्या नाकाची दर्याआई

४ ऑगस्ट १९९६
नाही म्हणजे नाही! खोटा इतिहास मी लिहिणार नाही. कमिटीला नव्या देवळात पाटी हवीय – देवी स्वयंभू आहे म्हणून! मी शाळेत मास्तरीण, म्हणून काम माझ्या गळ्यात.

खरं काय ते अख्ख्या कोळीवाड्याला ठाऊक आहे. आजोबांच्या तरुणपणी इथल्या खडकांवर चिनी जहाज फुटलं. आजोबांनी खलाशांना होडीत ओढून घेतलं. जाण्याआधी त्या खलाशांनी धक्क्यावर देऊळ बांधलं, आपली लाकडी देवी त्यात ठेवली. तीच आमची दर्याआई. होड्या बाहेर असल्या की बायका तिच्यापुढचा दिवा विझू देत नाहीत.

९ ऑगस्ट
बंदरातल्या जहाजावरचा एक चिनी खलाशी देवळात आला. आईला बघून ढसाढसा रडला! मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ही आमच्या ताओ पंथाची समुद्रदेवी. बाजूचे दोघे राखणदार – एक लांबचं बघतो, एक लांबचं ऐकतो. आम्ही त्यांना तिचे भाऊ म्हणतो. म्हणणारच! राखण करतो तो भाऊच.

१५ ऑगस्ट
कमिटीत कडाक्याचं भांडण. अध्यक्ष म्हणजे माझेच चुलते, सीतारामकाका. “चिनी बाहुलीच्या पाया परतात म्हनून लोकं हसतात आमाला! नारली पुनवेला नवी मूर्ती बसल. जुनी मी सोता दर्यात सोरीन.”

मी विचारलं, “काका, तुमची होडी उलटली तेव्हा कोनाला हाक मारलीत?”

काकांनी सभाच आटोपली.

२० ऑगस्ट
पाटीचा मजकूर कमिटीला दिला. खरा! त्यांनी फाडला. मी पुन्हा तोच लिहून दिला.

२८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
सकाळीच काका एकटे होडी घेऊन गेले. होडीत आई आणि तिचे दोघे भाऊ. मी धक्क्यावर आडवी पडले – मला उचलून बाजूला केलं! काका रिकामे परतले. माझ्याकडे बघितलंही नाही. आता त्यांच्या दारात पाऊल टाकणार नाही.

आईचा दिवा मी घरी आणलाय. बघते कोण विझवतो!

२९ ऑगस्ट
आई आली! तिघंही, धक्क्याशेजारच्या चिखलात. गाव लोटलं. नवी मूर्ती अजून खोक्यातच आहे. कमिटी म्हणते, चमत्कार!

लाकूड तरंगणारच. पण काल काका निघाले तेव्हा पाणी चढत होतं; भरतीत सोडलेलं किनाऱ्यालाच परत येतं. जन्म दर्यात काढलेल्या माणसाला भरती-ओहोटी कळली नाही?

आत्ता दारात उभे होते. “दिवा आन आईचा,” म्हणाले. “आनि पाटी तुजीच लाव.”